गेटच्या मॉकला ३६ पडले, आता?

डिसेंबरातला रविवार. गेट म्हणजे इंजिनिअरिंगनंतरच्या एमटेक प्रवेशाची परीक्षा, आणि तिचीच ही सराव परीक्षा, म्हणजे मॉक. दुपारी साडेबाराला सबमिट दाबलं आणि पडद्यावर आकडा उमटला: शंभरपैकी ३६. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरून "काय रे, किती पडले?" हेही विचारून झालं. महिनाभर एकेका विषयाच्या टेस्टमध्ये ६५-७० पडत होते, आणि पूर्ण अभ्यासक्रमाच्या पहिल्याच मॉकनं ते सगळं खोटं ठरवलं, असं वाटू लागतं. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना हे वाटतं, तसंच सातपूर-अंबडला शिफ्ट सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्यांनाही.

३६ हा एकच आकडा दिसत असला, तरी उरलेले ६४ गुण चार वेगवेगळ्या कारणांनी गेलेले असतात. चारही दुखणी निराळी आणि औषधंही निराळी. बहुतेक जण मात्र चौघांना एकच गोळी देतात: अजून तास आणि अजून मॉक. म्हणून पुढची मॉकही ३८ वर थांबते आणि निराशा दुप्पट होते. आकडा फोडून बघायचा कसा आणि प्रत्येक तुकड्याचं काय करायचं, ते इथं सांगतो. उदाहरणं बरीचशी मेकॅनिकलची आहेत, पण पद्धत कुठल्याही पेपरला चालते.

मॉक देतानाच करायचं एक काम

ही तयारी निकालाच्या आधीची आहे. ती नसेल तर नंतरची चिरफाड अर्धी आंधळी होते. कच्च्या कागदाच्या कडेला प्रश्नक्रमांक लिहीत जा आणि उत्तर नोंदवताना त्यापुढं एक अक्षर टाका. पक्कं असेल तर प, दोन पर्यायांत अडकून एक निवडला असेल तर श, नुसता तुक्का मारला असेल तर त. प्रत्येक प्रश्नाला एक सेकंद लागतो. आपण कुठला पर्याय का निवडला हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. आठवतं असं वाटतं, पण तोवर उत्तर बघून झालेलं असतं आणि मन सोयीची आठवण तयार करतं.

निकाल लागला की चार आकडे टिपा: बरोबर उत्तरांचे गुण, चुकीच्या उत्तरांसाठी कापलेले म्हणजे निगेटिव्हमध्ये गेलेले गुण, सोडवलेले प्रश्न, सोडलेले प्रश्न. त्यानंतर खिडकी बंद करा. रँक बघू नका, टेलिग्रामचा ग्रुप उघडू नका आणि उत्तरांची पीडीएफ तर अजिबात नको. जेवा, झोप काढा, नाहीतर सोमेश्वरच्या बाजूला एक चक्कर मारून या. चिरफाड त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चोवीस तासांपेक्षा लांबवली की ती होत नाही, असा सगळ्यांचाच अनुभव आहे.

त्याच दिवशी भरपाई म्हणून दुसरी मॉक देणं हा सर्वात महागडा राग. एक चांगला पेपर वाया जातो, थकलेल्या डोक्यानं आकडा आणखी खाली येतो आणि दोन पेपरांची चिरफाड साचते.

३६ म्हणजे नक्की किती

गेटच्या पेपरात ६५ प्रश्न, १०० गुण, १८० मिनिटं. त्यातली जनरल ॲप्टिट्यूड १५ गुणांची, ५ प्रश्न एका गुणाचे आणि ५ दोन गुणांचे. उरलेल्या ८५ गुणांत २५ प्रश्न एका गुणाचे आणि ३० दोन गुणांचे. शाळा-कॉलेजच्या टक्केवारीच्या सवयीनं ३६ म्हणजे काठावर पास असं वाटतं, पण ही मोजपट्टी इथं लागूच नाही. खुल्या गटाचे पात्रता-गुण काढताना पेपरची सरासरी अधिक एक प्रमाण विचलन (सगळ्यांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) आणि २५, यांतला मोठा आकडा घेतात. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांना त्याच्या ९० टक्के, तर एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना दोन तृतीयांश गुण पुरतात.

प्रवेशासाठी बघितला जातो तो स्कोअर. पात्रता-गुणांना ३५० आणि वरच्या ०.१ टक्के किंवा दहा उमेदवारांपैकी जो गट मोठा त्याच्या सरासरी गुणांना ९००, अशी सरळ रेषा आखून मधले स्कोअर काढतात. समजा पात्रता ३० ला आली आणि वरच्यांची सरासरी ८५ निघाली, तर मधल्या ५५ गुणांत ५५० स्कोअर पसरतो. म्हणजे एक गुण म्हणजे दहा स्कोअर. ३६ ला ४१०, ४२ ला ४७० आणि ४८ ला ५३०. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, दरवर्षी बदलतात. पण ३६ वरून ४८ वर जाणं किती मोलाचं आहे ते यातून दिसतं. आणि हे बारा गुण बहुतेकांच्या हातात आधीच असतात, फक्त सांडतात.

दुसरी गोष्ट, एका मॉकचा आकडा हलता असतो. पेपरात दोन गुणांचे वीस प्रश्न असे धरा की ते आले तर आले, नाहीतर नाही, म्हणजे नाणेफेकच. सरासरीनं त्यातले दहा बरोबर येतील, २० गुण. पण सात किंवा त्याहून कमी, अथवा तेरा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता चारात एकदा इतकी मोठी आहे. सात आले तर १४, तेरा आले तर २६. तयारी तीच, पुस्तकं तीच, गुणांत बारांचा फरक. म्हणून एका मॉकवरून काहीही ठरवू नये. तीन मॉकची सरासरी काढावी आणि तिच्याशी पुढच्या तिनांची सरासरी ताडून बघावी.

टेस्ट सिरीजमधली रँक त्याहून फसवी. त्यात गेल्या वर्षी परीक्षा दिलेले असतात, पूर्ण वेळ तयारी करणारे असतात, आणि आधी पेपर फोडून मग बसणारे महाभागही असतात. मॉकच अवघड आहे की आपणच कमी पडतोय, हे तपासायचं तर गेटचा एखादा खरा जुना पेपर तीन तास घड्याळ लावून सोडवा. त्यासाठी अलीकडच्या वर्षांचे तीन पेपर कोरे राखून ठेवलेले हवेत. मॉकला ३६ आणि खऱ्या पेपरला ४७ येत असतील तर टेस्ट सिरीज लांबलचक आकडेमोडीची आहे, एवढाच निष्कर्ष. मात्र त्या पेपरचे प्रश्न विषयवार सराव करताना आधीच सोडवून झाले असतील, तर ४७ मधला बराचसा भाग पाठांतराचा समजा.

विषयवार टेस्टमध्ये ७० आणि पूर्ण मॉकमध्ये ३६ हे कोडंही फार गूढ नाही. हीट ट्रान्सफरची टेस्ट द्यायला बसता तेव्हा प्रश्न कुठल्या धड्याचा हे टेस्टच्या नावातच सांगितलेलं असतं. पूर्ण पेपरात ते तुम्हाला ओळखावं लागतं, आणि हे ओळखण्याचा सराव कोणी केलेला नसतो. रोज रात्री दहा प्रश्न वेगवेगळ्या विषयांतून, क्रम उलटापालटा करून, आणि सोडवण्याआधी फक्त "कुठला विषय, कुठलं सूत्र" एवढंच लिहायचं. हे महिनाभर केलं की विषयवार टेस्ट आणि पूर्ण मॉक यांतलं अंतर कमी होऊ लागतं.

गुण गेले कुठं: चिरफाड

यासाठी तीन तास राखून ठेवा, पेपरला लागले तितकेच. कोरे कागद घ्या आणि चुकलेले व सोडलेले सगळे प्रश्न पुन्हा सोडवा. उत्तरं न बघता, घड्याळ न लावता. पोर्टलवर उत्तर प्रश्नाखालीच दिसत असेल तर पडद्याचा खालचा भाग वहीनं झाका. दिसायला बावळट वाटेल, पण चिरफाडीचा सगळा अर्थ याच पायरीत आहे. उत्तर वाचलं की प्रत्येक प्रश्न सोपा वाटतो आणि "हे तर मला येत होतं" म्हणत आपण पुढं सरकतो. येत होतं की नव्हतं, हे उत्तर झाकल्याशिवाय कळत नाही.

असं केल्यावर प्रत्येक हुकलेला प्रश्न चारांपैकी एका खान्यात पडतो. आता निवांतपणे सुटला, पण परीक्षेत तिथवर पोचलाच नाहीत किंवा घाईत सोडलात, तर खाना 'वेळ'. परीक्षेत सोडवला, रस्ताही बरोबर होता, पण आकडा, एकक किंवा वाचन चुकलं, तर 'निसटलं'. विषय वाचलेला आहे, पण आता निवांतपणेही मधेच अडकलात, तर 'अडलं'. प्रश्न कशाबद्दल आहे तेच कळत नाही, तर 'येत नाही'. यांखेरीज बरोबर आलेल्या उत्तरांपैकी त लिहिलेली वेगळी मोजा. ते गुण पाहुणे आहेत, पुढच्या वेळी येतीलच असं नाही.

नमुन्यादाखल ३६ ची फोड. बरोबर उत्तरांचे ४२ गुण, निगेटिव्हमध्ये गेलेले ६. ते ६ गेले कसे, तर एका गुणाचे सहा एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांपैकी एकच बरोबर असलेले प्रश्न, चुकले, प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे २. दोन गुणांचे सहा चुकले, प्रत्येकी दोन तृतीयांश, म्हणजे ४. उरलेल्या ६४ मधून हे ६ वगळले की हुकलेले गुण ५८. त्यांची वाटणी: येत नाही २०, अडलं १४, निसटलं १३, वेळ ११. बरोबर आलेल्या ४२ मध्ये ३ तुक्क्याचे.

आता बघा. निसटलं आणि वेळ मिळून २४ गुण. त्यांच्यासाठी एकही नवा धडा वाचायचा नाहीये. त्यातले निम्मे जरी परत आले तरी ३६ चे ४८ होतात, आणि चुकीचे एमसीक्यू कमी झाल्यानं निगेटिव्ह वाचतं ते वेगळंच. पण निराश माणूस त्या रात्री काय करतो? न वाचलेल्या धड्याचं जाड पुस्तक उघडतो, म्हणजे सर्वात हळू परत येणाऱ्या २० गुणांपासून सुरुवात करतो.

निसटलेले गुण

"सिली मिस्टेक झाली" म्हणून विषय संपवू नका. या चुका प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात आणि त्याच त्याच फिरून येतात. मेकॅनिकलवाल्यांच्या नेहमीच्या अशा: तापमान सेल्सिअसमध्येच घालणं. कार्नो इंजिन ३२७ आणि २७ अंश सेल्सिअसच्या मधे चालत असेल तर केल्विनमध्ये ६०० आणि ३००, कार्यक्षमता ५० टक्के. सेल्सिअस तसंच घातलं तर ९१.७ टक्के येते, आणि पेपर काढणाऱ्याला हे माहीत असल्यानं ९१.७ पर्यायांत हजर असतं. गेज दाब आणि निरपेक्ष दाब यांची गल्लत. आरपीएमचं रेडियन प्रति सेकंदात रूपांतर न करणं. शाफ्टच्या सूत्रात व्यासाच्या जागी त्रिज्या. तिथं चौथा घात असल्यानं उत्तर १६ पटींनी चुकतं. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचं दुखणं म्हणजे किलोबाइट १०२४ की १०००, आणि मोजणी शून्यापासून की एकापासून.

वाचनाच्या चुका वेगळ्या. "खालीलपैकी कोणतं चूक आहे" यातलं चूक सुटतं, "प्रति मीटर रुंदी" सुटतं, "दोन दशांश स्थळांपर्यंत" सुटतं. आकड्याचं उत्तर लिहायच्या प्रश्नांत म्हणजे नॅटमध्ये साधारणपणे उत्तराची एक मर्यादा ग्राह्य धरतात, पण मधल्या पायरीत ०.६७ असं गोल करून पुढं गेलात तर शेवटी त्या मर्यादेबाहेर पडू शकता. मधे गोल करायचं नाही, शेवटी करायचं.

उपाय कंटाळवाणा आहे. चुकांची वही करा. त्यात उत्तर उतरवायचं नाही. एका ओळीत कुठं घसरलो ते लिहायचं, आणि दुसऱ्या ओळीत पुढच्या वेळी कुठला शब्द दिसला की थांबायचं ते. "गेज दिसलं की वातावरणाचा दाब मिळव", एवढंच. एका मॉकमधून जास्तीत जास्त पंधरा नोंदी. चाळीस नोंदी केल्या की ती वही पुन्हा उघडली जात नाही, स्मशान होतं तिचं. नोंदवलेला प्रश्न तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. दोन्ही वेळा सुटला तर वहीत त्यावर काट मारा.

कॅल्क्युलेटर हा निसटण्याचा वेगळा प्रकार. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा माऊसनं चालवावा लागतो आणि नॅटचे आकडेही पडद्यावरच्या कीपॅडवरच टिपावे लागतात. साइन, लॉग, वर्गमूळ यांसाठी आधी संख्या आणि मग फलनाचं बटण, असा त्याचा उलटा क्रम आहे. डिग्री की रेडियन हे वरच्या कोपऱ्यात बघायचं. घरी कॅसिओवर सराव करून मॉक देणाऱ्यांची पाच-सात मिनिटं इथंच जिरतात. तेव्हा आजपासून कॅसिओ कपाटात. गेटच्या संकेतस्थळावर सरावासाठीची मॉक असते, तिच्यात तोच कॅल्क्युलेटर मिळतो. रोजची आकडेमोड त्याच्यावर करा.

वेळेनं खाल्लेले गुण

१८० मिनिटांत १०० गुण म्हणजे एका गुणाला १ मिनिट ४८ सेकंद, दोन गुणांच्या प्रश्नाला साडेतीन मिनिटांच्या किंचित वर. कुठल्याही विभागावर वेळेचं कुंपण नाही, पुढंमागं उड्या मारता येतात. तरी बहुतेक जण पहिल्या प्रश्नापासून ओळीनं जातात आणि बाविसाव्या प्रश्नाशी अकरा मिनिटं झुंजतात. झुंज जिंकली तरी तोटाच, कारण तेवढ्यात सहा गुणांचे प्रश्न हातातून गेलेले असतात.

फेऱ्या करा. पहिली वीस मिनिटं ॲप्टिट्यूड. मग घड्याळात १०५ मिनिटं होईपर्यंत विषयाचे सगळे प्रश्न एकदा बघून घ्यायचे. वाचल्यावर दीड मिनिटात रस्ता दिसला नाही तर खूण करून पुढं. पुढची साठ मिनिटं खुणा केलेल्यांसाठी, सोपे वाटणारे आधी. शेवटची पंधरा मिनिटं नवीन काही न घेता एककं, दशांश आणि नोंद झाली की नाही हे तपासायला. उत्तर निवडलं पण 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता प्रश्नक्रमांकावर टिचकी मारून दुसरीकडं गेलात, तर ते उत्तर नोंदवलं जात नाही. उत्तरासह 'मार्क फॉर रिव्ह्यू' केलेलं मात्र तपासलं जातं, त्याची धास्ती नको.

पहिल्या दोन मॉकमध्ये दीड मिनिटात सोडणं जिवावर येतं. सोडलेला प्रश्न डोक्यात घोळत राहतो. म्हणून या फेऱ्या आधी तीस प्रश्नांच्या छोट्या संचावर बसवून बघा.

श आणि त चा हिशोब

चार पर्यायांच्या एमसीक्यूत डोळे मिटून तुक्का मारला तर सरासरीनं काहीच हाती लागत नाही आणि काही जातही नाही: चारात एकदा १ गुण मिळतो, तीनदा एक तृतीयांश जातो, बेरीज शून्य. एक पर्याय खात्रीनं कटला तर एका गुणाच्या प्रश्नात सरासरी एक नवमांशाचा फायदा, दोन कटले तर एक तृतीयांशाचा. दोन गुणांच्या प्रश्नात हे आकडे दुप्पट.

हे झालं गणित. प्रत्यक्षात कटलेला पर्यायच बरोबर निघतो असे लोक असतात. तुम्ही त्यांतले आहात का, ते कच्च्या कागदावरची अक्षरं सांगतील. तीन मॉकमधले श लिहिलेले सगळे एमसीक्यू गोळा करा. समजा तीस झाले आणि बारा बरोबर आले, म्हणजे ४० टक्के, तर श वर बिनधास्त उत्तर द्या. सहाच बरोबर आले, म्हणजे २० टक्के, तर सोडत चला. सीमारेषा २५ टक्क्यांची आहे. "निगेटिव्ह जास्त जातंय, आता कमी सोडवतो" हा सरसकट निर्णय घेणारे बरेचदा फायद्याचे श ही सोडून देतात.

एमएसक्यू, म्हणजे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात असे प्रश्न, आणि नॅट यांना निगेटिव्ह नाही. ते कोरे ठेवण्यात काहीच अर्थ नाही. फक्त एमएसक्यूत सगळे बरोबर पर्याय निवडल्याशिवाय एकही गुण मिळत नाही, अर्धवट उत्तराला काही नाही. त्यामुळं त्यावर वेळ मोजूनच घालवावा.

अडलं आणि येत नाही

'अडलं' साठी व्हिडिओ बघू नका. व्हिडिओ बघताना समजतं, पेन हातात घेतल्यावर अडतं, हेच तर दुखणं आहे. त्या उपविषयाचे गेल्या काही वर्षांतले पंधरा-वीस खरे प्रश्न सलग सोडवा, पहिले पाच वही उघडी ठेवून, उरलेले बंद करून. सूत्र आठवत नव्हतं की कुठलं सूत्र लावायचं ते कळत नव्हतं, हे पाचव्या-सहाव्या प्रश्नापर्यंत स्पष्ट होतं.

'येत नाही' बाबत आधी दिवस मोजा. परीक्षा फेब्रुवारीत असते. बहुतेक अभियांत्रिकी पेपरांत गणिताला १३ आणि ॲप्टिट्यूडला १५, असे २८ गुण ठरलेले आहेत. तिथं काही येत नसेल तर पहिला नंबर त्याचा. त्यानंतर ज्या विषयावर दरवर्षी प्रश्न येतात तो. चाळीस दिवस उरले असताना संपूर्ण कोरा असलेला मोठा विषय हाती घ्यायचा की सोडायचा, याचं आमच्या मते उत्तर: एकच घ्या, त्यातलेही वारंवार विचारलेले तीन-चार उपविषय. मोफत आणि नीट शिकायचं तर एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन, व्याख्यानं आहेत, पण ती लांब असतात, डिसेंबरनंतर निवडूनच बघा. सोडलेल्या विषयाची यादी कागदावर लिहून भिंतीला लावा. ठरवून सोडलेल्या विषयाचा प्रश्न चुकला की वाईट वाटत नाही.

मॉक कधी, कुठं

आठवड्याला एक, शेवटच्या तीन आठवड्यांत फार तर दोन. चिरफाड आणि दुरुस्ती झाल्याशिवाय पुढची नाही. परीक्षेची सत्रं सकाळी साडेनऊ ते साडेबारा आणि दुपारी अडीच ते साडेपाच अशी असतात. आपला पेपर कुठल्या सत्रात आहे ते कळलं की मॉक त्याच वेळी. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला खोलीवर येऊन दिलेल्या मॉकचे गुण थकव्याचे असतात. ती वेळ चुकांच्या वहीला द्या आणि मॉक साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी.

नाशिकच्या थंडीचाही विचार करा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि पहाटे गारठलेल्या बोटांनी माऊस धड चालत नाही. मॉक पांघरुणात बसून, मोबाइलवर तर अजिबात नको. टेबल, खुर्ची, माऊस, मोठा पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. मधे चहाला उठायचं नाही, कारण तिथं कोणी चहा देणार नाही.

घरचे, मित्र आणि स्वतः

आई-बाबांना आकडा सांगायचा तर सोबत मोजपट्टीही सांगा: "बाबा, यात ३६ म्हणजे दहावीतले ३६ नव्हेत." सोसायटीतल्या काकांना आकडा सांगायची गरजच नाही, "सराव परीक्षा चालू आहेत" एवढं पुरे. अभ्यासिकेतल्या मित्राशी गुणांची तुलना करण्यापेक्षा चुकांच्या वह्या अदलाबदल करा. त्याच्या निसटलेल्या चुका तुम्हालाही पुढं नडणार असतात. ग्रुपवर ७२ चा स्क्रीनशॉट टाकणारा त्या आठवड्यातला ४१ चा टाकत नाही, एवढं लक्षात असू द्या.

नोकरी करणाऱ्यांनी रजेचा विचार एका वाईट मॉकनंतर करू नये. तीन मॉकची फोड समोर ठेवून करावा. 'येत नाही' चा खाना सर्वात मोठा असेल तर रजेचा उपयोग आहे. 'निसटलं' मोठा असेल तर रजा घेऊनही तेच निसटेल. चिरफाड तीनदा नीट करूनही सरासरी पात्रतेच्या आसपासच घुटमळत असेल, तरीही परीक्षा द्यावी. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, परीक्षा कितीही वेळा देता येते आणि खऱ्या केंद्रावरच्या तीन तासांची जागा कुठलीच मॉक घेत नाही.

झोप आठ-दहा दिवस उडालेली आहे, जेवण जात नाही, पुस्तक उघडलं की रडू येतं, असं होत असेल तर तो प्रश्न वेळापत्रकाचा उरलेला नाही. घरात सांगा, डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा, मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

शेवटचा आठवडा

शेवटची पूर्ण मॉक परीक्षेच्या सात-आठ दिवस आधी, राखून ठेवलेल्या खऱ्या पेपरांपैकी एक. त्यात गुण कमी पडले तरी दुसरी घ्यायची नाही, कारण तिची चिरफाड करायला दिवस उरत नाहीत. उरलेल्या दिवसांत चुकांच्या वहीतल्या काट न मारलेल्या नोंदी, सूत्रांची पानं आणि रोज अर्धा तास पडद्यावरचा कॅल्क्युलेटर. केंद्र आदल्या दिवशी जाऊन बघून या. सिन्नर, ओझर, इगतपुरीहून येणाऱ्यांनी सकाळच्या सत्रासाठी पहिल्या सिटीलिंक बस किंवा एसटीच्या भरवशावर न राहता पर्यायी गाडीही ठरवून ठेवावी. छापील प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र रात्रीच एका पाकिटात. रफ कामासाठीचं पॅड केंद्रावर मिळतं. त्याच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या तीन शब्द लिहा: केल्विन, गेज, रेडियन. किंवा तुमच्या वहीत सर्वात जास्त वेळा आलेले जे कुठले तीन असतील ते.